रोझाच्या गावातली ती दुपार

आई गेल्याची तार ऑस्ट्रेलियात, वॉलॉंगॉंगला आमच्या घरी पोहोचली, तोवर वसईत तिला माती देऊन झाली होती. त्यानंतर माझी प्रार्थना आटली. चर्चमधली रविवारची मिस्सा मी चुकवली नाही, झोपण्यापूर्वीची जपमाळही ओढत राहिले. पण विहिरीत पोहरा सोडावा आणि तो खडखडत कोरडाच वर यावा, तसं व्हायचं. देवावर रुसले होते असंही नाही. पलीकडे कुणी ऐकतंय, ही खात्रीच उरली नव्हती. माझा नवरा इनास पोर्ट केंब्लाच्या पोलाद कारखान्यात इंजिनिअर. त्याला मी हे बोलले नाही. देवाच्या बाबतीत तो निवांत माणूस. त्याला शंका येत नाहीत, आणि दुसऱ्याला येतात हे त्याला खरं वाटत नाही.

सत्तरच्या दशकाच्या अखेरची ही गोष्ट. आईच्या वर्षाच्या मिस्सेसाठी आम्ही वसईला निघालो होतो. शेजारी रोझा नावाची वयस्क इटालियन बाई राहायची. परसातले टोमॅटो ती कुंपणावरून द्यायची, मी तिला सुक्या बोंबलाची चटणी द्यायचे. कारखान्याच्या कामासाठी इनासला आधी रोमला जायचं होतं, हे कळताच तिने गळ घातली. "मग माझ्या गावाला जा. आमच्या मरियामातेपुढे माझ्या नावाची मेणबत्ती लाव. माझे गुडघे आता मला तिथवर नेत नाहीत." मला जायचं नव्हतं, पण तिला नाही म्हणवेना. इनास मात्र खूश. जुन्या बांधकामाचं त्याला वेड.

रोमहून आगगाडी, मग वळणं घेत चढणारी बस. गाव डोंगरमाथ्यावर असं बसलेलं, की खालून पाहताना खडक कुठे संपतो आणि घरं कुठे सुरू होतात ते कळेना. रोमन लोकांच्याही आधीची दगडी वेस तिथे अजून उभी आहे. इनास तिच्यावरून हात फिरवत राहिला. "चुना नाही, काही नाही. नुसता दगडावर दगड. आपल्या वसईच्या किल्ल्यापेक्षा कितीतरी जुनं!" आम्ही पोहोचलो तेव्हा जेवणवेळ झाली होती आणि मरियामातेच्या देवळाच्या दाराला कुलूप होतं. चार वाजता उघडेल, असं एका बाईने बोटांनी सांगितलं. तोवर काय करायचं? गावाखाली ऑलिव्हच्या मळ्यांत रोमन काळातलं उघडं नाट्यगृह आहे, ते पाहून येऊ, असं इनास म्हणाला.

उतरताना मजा वाटली. गवत वाढलेल्या पायऱ्यांवर बसून आम्ही पाव आणि चीज खाल्लं. इनासने खाली रंगमंचावर उभं राहून मला हाक मारली, ती वरच्या पायरीपर्यंत स्वच्छ ऐकू आली. पण परत चढताना अर्ध्या वाटेवर तो थांबला. चेहरा राखेसारखा, कपाळावर घाम. "छातीवर कुणीतरी बसलंय गं," एवढंच म्हणाला आणि रस्त्याकडेच्या बांधाला टेकून खाली सरकला.

दुपारच्या त्या वेळी इटलीतलं गाव झोपतं. जवळच्या दोन घरांची दारं मी बडवली, कुणी उघडलं नाही. ओरडले, तर माझाच आवाज डोंगरावरून परत आला. त्याला तिथे टाकून वर गावात धावत जावं, तर त्याने माझा हात सोडला नाही. मी खाली बसले, त्याचं डोकं मांडीवर घेतलं. 'नमो मरिया' म्हणायला गेले, तर पाठ असलेले शब्दही आठवेनात. मग मी नवस केला नाही, काही मागितलंही नाही. मराठीत, मोठ्याने म्हणाले, "माझं सगळं संपलं. आता तू बघ."

पुढचं मी जसं घडलं तसं सांगते. ऊन तेच होतं, रस्ता रिकामाच होता, इनास कण्हत होता. आणि तरी माझ्या आत काहीतरी स्थिर झालं, जसं कुणी मागून खांद्यावर हात ठेवावा. मदत अजून आली नव्हती. हे मला आवर्जून सांगायचंय, कारण लोकांना वाटतं की मदत आल्यावर मला धीर आला. धीर आधी आला.

मग वळणावरून एक तीनचाकी टेम्पो फटफटत आला. आतून एक पांढऱ्या मिशांचा माणूस उतरला, त्याने आमच्याकडे पाहिलं आणि तो चक्क ऑस्ट्रेलियन इंग्रजीत म्हणाला, "यू राइट, लव?"

ठीक आहेस ना, असं विचारायची ही तिकडची रीत. मला हसू आलं की रडू, आठवत नाही. त्याचं नाव दोमेनिको. तरुणपणी आमच्याच पोर्ट केंब्लाच्या भट्टीवर बरीच वर्षं काम करून तो गावी परतला होता. आम्ही दोघांनी मिळून इनासला टेम्पोच्या मागच्या भागात पोत्यांवर निजवलं आणि दरीतल्या इस्पितळात नेलं. हार्ट अटॅक होता. उरलेला चढ पायी चढला असता तर वाचला नसता, असं डॉक्टर म्हणाले. दोमेनिको प्रत्येक वाक्य मला इंग्रजीत करून सांगत होता.

"रोज या वेळी मी झोपलेला असतो," तो नंतर म्हणाला. "आज डोळाच लागेना. म्हटलं, मळ्यात जाऊन यावं."

इनास इस्पितळात होता तोवर दोमेनिको आणि त्याची बायको आसुंता यांनी मला घरी ठेवून घेतलं. आसुंताला इंग्रजी येत नव्हतं. संध्याकाळी आम्ही जपमाळ म्हणायचो, ती तिच्या भाषेत, मी माझ्या. मणी मात्र बरोबर सरकायचे. रोझाची मेणबत्ती लावली. वसईची मिस्सा चुकली, म्हणून आसुंताने तिथल्या फादरांना सांगितलं. त्यांनी वेदीवरून आईचं नाव घेतलं. नातालीनचं 'नातालिना' झालं, आणि पुढच्या बाकांवरच्या म्हाताऱ्यांनी क्रूसाची खूण केली, जणू ती त्यांच्याच आळीतली. त्या दिवशी मी आईसाठी पोटभर रडले.

इनास आजही म्हणतो, "त्यात नवल काय? अर्धं गाव कधी ना कधी वॉलॉंगॉंगला जाऊन आलंय." खरंच आहे. मी वाद घालत नाही. माणसं कशी तिथे पोहोचतात हे त्याला माहीत आहे. मला त्या दुपारी कोण भेटलं, ते मला माहीत आहे.

निघताना मी दोमेनिकोचे दोन्ही हात धरले. आभार मानले. तो ओशाळून हसला. "नो वरीज," म्हणाला. ऑस्ट्रेलियात दुकानदारापासून पोस्टमनपर्यंत सगळे हे म्हणतात, मी कधी लक्ष दिलं नव्हतं. काळजी नको. बसमध्ये बसल्यावर इनासने डोकं माझ्या खांद्यावर टाकलं आणि तो झोपी गेला. उताराचा रस्ता, तीव्र वळणं, ड्रायव्हर वेगात. मी समोरचा दांडा धरला नाही. हात मांडीवर मोकळे ठेवून, बाहेरचे मळे बघत बसले.