अप्पांनी बसवलेली नळी

अप्पा गाडीला किक मारण्याआधी उकिडवे बसून इंजिनाखाली बोट फिरवत आणि ते नाकाशी नेत. धारूरच्या बाजारात त्यांचं किराणा दुकान होतं. गिऱ्हाईक ताटकळलं तरी हा विधी चुकत नसे. तुमच्या साखरेला ऑइलचा वास येतो, अशी माझी कायमची तक्रार होती आणि ती खरीही होती.

गाडी जुनी, वजनदार. गावात नव्या हलक्या गाड्या येऊ लागल्या तरी आम्हा पाच-सहा जणांकडे तीच होती. इंजिनाच्या पोटातली वाफ सोडणारी तिची नळी, आमच्या भाषेत ब्रीदर, वाफेबरोबर तेलही थुंकायची. मागे बसणाऱ्या त्यांच्या बायकोच्या, काकूंच्या, साडीवर हमखास डाग पडत. "माहेरी इचारत्यात, जावई दुकान चालवितो का ग्यारेज," काकू म्हणत.

अप्पांनी ते फार मनावर घेतलं. एका रविवारी अंगणातच गाडी उघडली. "बुजवून टाका की ती नळी," मी म्हणालो.

"सर, तुमचं नाक दाबल्यावर कसं व्हईल? इंजिनालाबी दम सोडाया वाट पायजे."

त्यांनी ब्रीदरला सलाइनची नळी जोडली, सीटखालून मागे नेली आणि तिथं बांधलेल्या औषधाच्या रिकाम्या बाटलीत सोडली. आरपार दिसणाऱ्या नळीतून तेल सरकताना पाहून ते लई खूश. मीही झकास म्हणालो. मग त्यांनी हौसेनं आमच्या सगळ्यांच्या गाड्यांना तशीच नळी बसवून दिली.

मे महिन्यात दोघं बीडला लग्नाला गेले. परतताना घाट चढू लागले. ऊन आणि इंजिनाची धग यांनी नळी मऊ पडली, बाटलीतून निसटली आणि तेल मागच्या टायरवर गेलं. वळणावर गाडी घसरली. अप्पांचा उजवा हात मोडला. काकू जागीच गेल्या.

मातीला सारा बाजार आला होता. रस्त्यावर खडी होती, नशीब, असं जो तो म्हणत होता. अप्पा प्रत्येकाला अडवून सांगत, "खडी न्हवती. नळी माझी व्हती." मला त्यांचा राग आला. त्यांची समजूत घालता आली असती तर, नळीला झकास म्हणालेल्या माझीही पटली असती.

काकूंचे दिवस उरकल्यावर ते गळ्यात हात अडकवून घरोघर फिरले आणि डाव्या हातानं एकेक नळी काढली. माझ्याकडे सकाळी आले. आम्ही नवराबायको अंबाजोगाईला निघायच्या बेतात होतो. मी काढतो म्हणालो, तर म्हणाले, "न्हाई सर. बसवली मी."

बाटलीकडचं टोक त्यांनी नुसतं धरलं आणि ते हातातच आलं. लोण्यासारखं झालं होतं.

"वैनी कुठं हायत?"

"आत आहे. चहा करतेय."

"हाक मारा त्यास्नी."

बायको पदराला हात पुसत दारात आली. अप्पांनी तिला नीट पाहिलं, आणि काकू गेल्यापासून पहिल्यांदाच, तिथंच मातीत बसून ते रडले.