बेबी ऑफ मंगला

या सदरातले गूढ अनुभव मी वाचते, आणि प्रत्येक वेळी मनात येतं, यांनी नीट तपासलं नसेल. माझं कामच तपासायचं आहे. जे घडलं ते मी पुन्हा पुन्हा तपासलं... तरी कुठेच बसत नाही, म्हणून लिहितेय. बायकांची नावं बदलली आहेत.

मी अमरावतीला राहते. एका ट्रस्टचे दोन छोटे दवाखाने आहेत – एक तेल्हाऱ्याला, एक अंजनगाव सुर्जीला. रुग्णांच्या नोंदींसाठी दोन्हीकडे ओपन सोर्स सॉफ्टवेअर वापरतात. त्यात हवी ती जादा सोय वेगळी बसवता येते, तिला मॉड्यूल म्हणतात. ती बसवायला मी जाते. गेल्या उन्हाळ्यात दोन्ही दवाखान्यांच्या नोंदी एकत्र केल्या, आणि एकाच माणसाच्या दोन नोंदी शोधून देणारं मॉड्यूल टाकायला मी अंजनगावला गेले.

दुहेरी नोंदी जास्त करून बायकांच्याच. लग्नात आडनाव बदलतं, कधी नावही बदलतं, आणि बाळंतपणाला माहेरी गेली की तिथे जुन्याच नावाने कार्ड निघतं. काउंटरवरच्या वनिता सिस्टर म्हणाल्या, "आमालेच समजत नाही कोणती कोण हाय, तं तुमच्या डब्ब्याले काय समजन?"

मॉड्यूल जोड्या दाखवतं, आणि शेजारी काय जुळलं तेही – नाव, जन्मतारीख, गाव, मोबाइल. पहिल्यांदा चालवलं तेव्हा सगळ्यात वर तेल्हाऱ्याची मंगला आणि अंजनगावची कावेरी. नाव वेगळं, जन्मतारीख वेगळी, गाव वेगळं, मोबाइल वेगळा. 'काय जुळलं' खाली एकच शब्द होता – अपत्य.

जुळवणीत अपत्य मी घेतलंच नव्हतं.

मंगलाची नोंद उघडली. काही वर्षांपूर्वीचं बाळंतपण. नंतर खूप रक्तस्राव, अकोल्याला हलवलं. बाळ वाचलं नाही. नाव ठेवेपर्यंत दवाखान्यात बाळाला आईच्या नावाने लिहितात, तसं लिहिलेलं – बेबी ऑफ मंगला.

मग कावेरीची. दिवस भरत आलेले, पहिलंच बाळंतपण. आणि तिच्या नावाखालीही तीच ओळ... अपत्य : बेबी ऑफ मंगला.

कुठलीही ओळ कोणी भरली, हे सॉफ्टवेअर नोंदवून ठेवतं. इथे ते कोरं होतं. कोरं असेल तर ते सेव्हच करू देत नाही.

मी ओळ पुसली, 'वेगळ्या व्यक्ती' दाबलं, पुन्हा चालवलं. जोडी वरच. मॉड्यूल काढलं, सर्व्हर बंद करून सुरू केला, परत बसवलं. वरच. कावेरीच्या नावाखाली ती ओळही परत आलेली. उठले, पाणी प्यायले, परत बसले. एकच विचार डोक्यातून जाईना – या दोघी खरंच एक असतील तर? असा रक्तस्राव एकदा झाला की पुन्हा होऊ शकतो; या दवाखान्यात रक्ताची सोय नाही, आणि इथल्या डॉक्टर मॅडमना काहीच माहीत नाही.

मी काउंटरवर जाऊन तिचं नाव विचारलं. "कावेरी ना? ते बसली बाहेर, तपासाले आली," सिस्टर म्हणाल्या.

मी पेशंटशी कधी बोलत नाही, जमत नाही मला. कार्डासाठी फोटो हवाय असं सांगून तिला आत बोलावलं. सासूने बाकावरूनच ऐकवलं, "फोटो काहून पाह्यजे वो मॅडम? पोट दाखवाले आणलं, पोरगी दाखवाले नाही!"

दार लोटून मी हळूच विचारलं, "तुम्ही आधी तेल्हाऱ्याला होता का... मंगला नावाने?"

तिने आधी दाराकडे पाहिलं. "कोणं सांगतलं तुमाले?"

"कोणीच नाही. इथे दिसतंय."

"माह्या भावाबिगर इथं कोणाले मालूम नाही. पह्यल्या नवऱ्याचं घर सुटलं, हे सांगतलं असतं तं यायनं उभंबी केलं नसतं मले."

मी रक्तस्रावाचं बोलले. यावेळी तसं झालं तर इथे काही करता येणार नाही, हेही.

तिने पोटावरून हात फिरवला. मग म्हणाली, "मॅडमले सांगा. पण कागदावर नोका लिहू. कागद आत्याबाईच्या पिशवीत राह्यते." तिने दाराबाहेरच्या सासूकडे मान केली.

तिचं लक्ष स्क्रीनवर गेलं. "हे काय लिवलं?"

मी वाचून दाखवलं. तिने बोट काचेवर ठेवलं.

"नाव तं ठेवलंच नोतं त्याचं... पुसू नोका हे, ताई."

सकाळपासून मी तेच पुसत होते. कीबोर्डवरून हात काढून घेतला.

मी सगळं सांगितल्यावर डॉक्टर मॅडमनी सासूला बाळ मोठं असल्याचं कारण सांगितलं, कावेरीला अमरावतीला पाठवलं आणि तिथे रक्त तयार ठेवायला लावलं. ते लागलं. बरंच लागलं.

सिस्टरांचा फोन आला. "मुलगी झाली. दोघीबी बऱ्या हाय. सासू तं पेढे वाटून राह्यली... म्हणे, पह्यलटकरीन असून कुरकुरली नाही माही सून!"

मी लगेच कावेरीची नोंद उघडली. ती ओळ गेलेली. मी हात लावला नव्हता; कोणी पुसल्याची खूणही नाही. जोडीही पुन्हा आली नाही. मंगलाच्या नोंदीत मात्र ओळ होती तशीच आहे. सॉफ्टवेअरवाल्यांच्या फोरमवर नावं न देता विचारलं. नोंदी एकत्र करताना गोंधळ झाला असेल, असं उत्तर आलं. असेलही. पण गोंधळाला नेमकी हीच बाई सापडली? आणि काम झाल्यावर तो आपोआप निस्तरला?

नंतर मी अंजनगावला असताना ती मुलीला डोस द्यायला घेऊन आली. बाळ सासूच्या मांडीवर. चिठ्ठी घ्यायला काउंटरवर वाकली आणि अगदी हळू म्हणाली, "हाय ना ते?"

"आहे," मी म्हणाले. खोटं नव्हतं; मंगलाच्या नोंदीत ते आहेच. तिच्या नावाखाली ते आता नाही, एवढं मात्र मला सांगता आलं नाही.