मोलगीच्या पुढचं मतदान केंद्र

अक्कलकुव्याला एसटीतून उतरलो, तेव्हा स्वागताला सगळे नेते हात जोडून उभे होते. फलकांवर. वर मोठे साहेब, खाली मध्यम, आणि तळाच्या ओळीत शुभेच्छुकांचे आधार कार्डावर असतात तेवढे चेहरे. विधानसभेला अजून अवकाश होता, पण हात आधीपासून जोडून ठेवलेले बरे.

या मतदारसंघाचे जुने निकाल मी घरी बसून वाचले होते. नंदुरबार जिल्ह्यातल्या चारही जागा अनुसूचित जमातींसाठी राखीव आहेत. त्यातली ही अक्कलकुव्याची, अक्कलकुवा आणि डोंगरातला अक्राणी असे दोन तालुके मिळून झालेली. पूर्वी अक्राणी नावाचाच मतदारसंघ होता. पुढे नकाशे नव्याने आखले गेले, नाव सपाटीकडे उतरलं आणि डोंगर होता तिथेच राहिला. निकालाच्या तक्त्यात कोण जिंकलं आणि किती फरकाने, एवढंच कळतं. मत देणारा कुठून चालत येतो हे त्यात नसतं. तेच बघायला मी निघालो होतो. पुण्यातल्या ओळखीच्या एका नर्सचं माहेर डोंगरातल्या मोलगी गावाच्या पुढे एका पाड्यावर आहे. तिचा भाऊ खेमजी तिथला कारभारी (पाड्याची कामं आणि तंटे बघणारा). उतरायची सोय त्याच्याकडे होती.

"जीप कधी सुटणार?" मी विचारलं.

"बठा ना भाऊ, गाडी भरनी का निंघू," चालक म्हणाला. (बसा, भरली की निघू.) मला ती भरलेलीच वाटत होती. त्याच्या हिशेबात टप अजून रिकामा होता.

घाटात सागाची झाडं पानं गाळून उभी होती. चालकाने आरशातून मला निरखलं. "इलेक्शनना साहेब शेतस का?" (निवडणुकीचे साहेब आहात का?)

"नाही हो, फिरायला आलोय."

"आठे? उन्हायामा?" (इथे? उन्हाळ्यात?) त्याने मान हलवली. "मंग इलेक्शननाच शेतस."

पाडा म्हणजे एका जागी गोळा झालेली वस्ती असं मी धरून चाललो होतो. इथे प्रत्येक घराला स्वतःची टेकडी आहे. शेजाऱ्याला हाक मारायची तर फुप्फुसं हवीत. छपरांवर आमचुरासाठी कैरीच्या फोडी वाळत होत्या. ओट्यावर खेमजीची आई, रुमलीआजी, पाय पसरून आणखी कैऱ्या चिरत होत्या. त्या पावरी या तिथल्या बोलीत बोलत, खेमजी ते शाळेतल्या मराठीत सांगे. मक्याची भाकर, उडदाची डाळ आणि तिखटाने डोळे भरून आलेला पाहुणा, असं जेवण चाललं होतं. माझे डोळे बघून आजी काहीतरी बोलल्या.

"काय म्हणतात?"

"म्हणते, शहरातली माणसं लवकर रडतात," खेमजी म्हणाला.

मग आजींचं दुखणं कळलं. मतदान केंद्र नाल्यापलीकडे, खालच्या गावात. सून म्हणून या घरात आल्यापासून त्यांनी मत चुकवलं नव्हतं. मागच्या वेळी मात्र गुडघ्यांमुळे अर्ध्या उतारावरून परत फिरल्या. आता पाड्यावरच्या शाळेतल्या गुरुजींनी निरोप आणला होता, की पाड्याची तयारी असेल तर त्या शाळेतच केंद्र मागता येईल. उत्तर दुसऱ्या दिवशी द्यायचं होतं. याला कोण नाही म्हणेल?

"मी," खेमजी म्हणाला.

त्याचं कारण ऐकून मी हातातली भाकर खाली ठेवली. "आत्ता आमची मतं खालच्या गावाच्या यंत्रात मिसळतात. इथे वेगळं यंत्र आलं, तर मोजणीला आमचा आकडा वेगळा वाचणार. आम्ही पंच बसतो, सगळे मिळून एकाला देतो. तो पडला, की निवडून आलेल्याला कळणार, ह्या पाड्याने एक मतही दिलं नाही. मग रस्ता कोण देईल?"

गुप्त मतदान म्हणजे एकेका माणसाचं गुपित, असं मी नागरिकशास्त्रात शिकलो होतो. इथे गुपित अख्ख्या पाड्याचं होतं.

सकाळी मोहाच्या झाडाखाली पंच बसले. इथे हात वर करून मोजत नाहीत. सगळ्यांचं एक होईपर्यंत उठायचं नाही, हा रिवाज. बहुतेक जण खेमजीच्या बाजूचे. एकाने तोड सुचवली: आजींना झोळीतून उतरवू.

आजी खाटेवरून कडाडल्या. खेमजीने पडेल आवाजात मराठी केलं: "झोळीतून बाळंतीण नेतात, आजारी नेतात. मला काय झालंय? मी फक्त उतरत नाही." माणसं हसली. आजी थांबल्या नाहीत. "म्हणते, लग्नाला चार गावचे पाहुणे आले, तर माझा शहाणा मुलगा एकालाच जेवू घालेल आणि बाकीच्यांच्या शिव्या खाईल."

"म्हणजे?"

"म्हणजे या वेळी एक नाही करायचं. ज्याला जो बरा वाटेल त्याला त्याने द्यावं. आकडा वाचला तर वाचू दे, प्रत्येकाला आपले थोडे दिसतील."

ऊन झाडाच्या बुंध्याशी येईपर्यंत चर्चा चालली. एकेक जण आजींकडे वळला. शेवटी एकटा खेमजी राहिला.

"आणि रस्ता कोणाकडे मागायचा?" त्याने आईला विचारलं, आणि तिचं उत्तर मलाही सांगितलं. "सगळ्यांकडे."

मग खेमजी "बरं, केंद्र मागू," म्हणाला. एकमत करायचं नाही, हे असं एकमताने ठरलं. ज्याला पुस्तकं स्वतंत्र मत म्हणतात, ते इथे एका म्हातारीच्या गुडघ्यांमुळे आलं.

परतताना अक्कलकुव्यात चहाला थांबलो. शेजारी पांढऱ्या कपड्यांतले एक गृहस्थ बसले होते. चेहरा ओळखीचा वाटला. फलकाच्या तळाच्या ओळीतला. मोलगीच्या पुढच्या एका पाड्यावरून आलो, एवढंच मी सांगितलं, तेव्हा ते प्रसन्न हसले. "तो पाडा पुरा आपला शे, भाऊ. एक मत बी इकडनं तिकडे व्हणार नही."

मी चहाचे पैसे देऊन उठलो. पाड्याचं नाव इथेही लिहिलेलं नाही, ते त्यांच्यासारख्यांना पाडा ओळखता येऊ नये म्हणूनच. निकाल लागेल तेव्हा कोण जिंकलं हे मी नंतर बघेन. आधी शाळेतल्या त्या एका यंत्राचे आकडे शोधेन. त्यातलं एक मत रुमलीआजींनी स्वतःच्या पायांनी चालत येऊन दिलेलं असेल. कुठलं, ते मला कळणार नाही, आणि खेमजीलाही नाही.