अकरा पानं थ

विभागाच्या स्नेहसंमेलनाचं निवेदन करायला आमच्या वर्गातल्या भाऊंनी नाव दिलं. ते आमच्याहून तीन वर्षांनी मोठे, म्हणून सगळ्यांचेच भाऊ. त्यांना दिसत नाही. विभागप्रमुख मॅडम म्हणाल्या, "जमेल का त्याला? बघून सांगते." भाऊ माझ्या कानात म्हणाले, "मी बी बघतोच आता." मॅडमनी शेवटी होकार दिला, पण एका मुलीला तयार राहायला सांगून.

मी मौद्याहून रोज येणारा, घरातला कॉलेजात गेलेला पहिलाच. एखादी गोष्ट येत नाही असं म्हणायचं मला अजून जमत नाही. त्यामुळे "निवेदन मी लिहितो, ब्रेलमध्ये छापूनही आणतो" असं बोलून बसलो.

संगणकात ब्रेलच्या ठिपक्यांच्या प्रत्येक आकाराला स्वतःचा क्रमांक असतो, हे मी वाचलं होतं. क्रमांक अक्षराचा नाही, आकाराचा. तोच आकार मराठीत एक अक्षर आणि दुसऱ्या भाषेत दुसरं असू शकतो. मी छोटा प्रोग्राम लिहिला. मराठी टाकली की ठिपके मिळत. ते इतके सुंदर दिसले की मी आईला दाखवले. ती म्हणाली, "रांगोळीचे हायेत का?"

कार्यक्रमाच्या दिवशी बाराच्या सुमारास ग्रंथालयातल्या ब्रेल मशीनमधून खडखड करत अकरा जाड पानं निघाली. मला बोटांनी वाचता येत नाही. ठिपके उठलेत एवढं पाहिलं आणि कॅन्टीनमध्ये भाऊंकडे धावलो.

भाऊंनी पहिल्या ओळीवरून बोट फिरवलं. मग दुसऱ्या. मग एकदम सातवं पान काढलं.

"काहून गा, लिहिताना थंडी वाजून राहिली होती का तुले?"

"नाही भाऊ. काय झालं?"

"थथथ थथथथ थथ. अकराही पानं थ."

आम्ही ग्रंथालयात परत गेलो, तेव्हा मशीन चालवणाऱ्या काकांनी उलगडा केला. त्यांचं मशीन जुनं. त्याला ठिपक्यांचे नवे क्रमांक ठाऊकच नाहीत. त्याला इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं द्यायची, त्यांवरून ते ठरलेले ठिपके टोचतं. न कळलेल्या प्रत्येक खुणेच्या जागी त्यानं प्रश्नचिन्ह धरलं. आणि त्याच्या हिशेबात प्रश्नचिन्हाचे जे ठिपके, तोच मराठी ब्रेलमधला थ. प्रोग्राम सुधारायला मला तासभर लागला असता, पण काका कुलूप लावून जेवायला निघाले होते. ते दोनला परतणार, आणि कार्यक्रमही दोनलाच.

मला रडायला येत होतं. भाऊंनी थैलीतून ब्रेलची पाटी आणि टोचणी काढली. "वाच. मी टोचतो."

मी सुरू केलं, "सुवर्णाक्षरांनी लिहून ठेवावा अशा या मंगल दिनी..."

"राहू दे."

"...ज्ञानाच्या या पवित्र प्रांगणात..."

"हेही राहू दे. तुले टोचा लागत नाही ना, म्हणून सुचते हे."

एकेक अक्षर टोचायचं म्हटल्यावर माझी अकरा पानं दीड पानावर आली. "आता स्वागत" एवढ्यावर प्रमुख पाहुणे उरकले.

भाऊंनी अख्खा कार्यक्रम एकदाही न अडखळता नेला. तयार ठेवलेली मुलगी पहिल्या रांगेत बसून टाळ्या वाजवत होती. पहिल्यांदाच आमचं संमेलन वेळेत संपलं. मॅडम येऊन म्हणाल्या, "फार आटोपशीर निवेदन. लिहिलं कुणी?"

भाऊंनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "लिहिलं यानं, मॅडम. मी फक्त बरंचसं वाचलं नाही."