शिरगावच्या हडळीची ओटी

मंडळी, आत्ताच बोईसरला ऑफिसात परतले आणि आधी आपल्या ग्रुपला ही मेल लिहितेय.

आज दुपारी शिरगावच्या देवीच्या जत्रेत होते. तिथल्या भूतबंगल्याचं वायरिंग मी केलंय. फळीवर पाय पडला की दिवा लागतो, किंकाळी वाजते आणि हिरवी साडी नेसवलेली हडळ पुढे सरकते. बाळंतपणात गेलेली बाई हडळ होते असं गावात मानतात, म्हणून जत्रेच्या मंडळाच्या पोरांनी तिच्या हातात बाहुली दिली होती.

एक म्हातारी आत आली. किंकाळी वाजली, पण ती दचकली नाही. देवीसाठी आणलेला खण-नारळ पिशवीतून काढून तिने हडळीची ओटी भरली.

मागून कोणीतरी ओरडलं, "आजी, देवी पलीकडं हाय! ही हडळ!"

"ठावं हाय," ती म्हणाली. "माजी लेक सुमन पण बाळंतपणात गेली. तिला तुमी हडळच बोलता ना?"

मी मेन स्विच बंद केला.

"मॅडम, रांग खोळंबलीय, चालू करा," मंडळाचे अध्यक्ष म्हणाले. मी केलं नाही.

तुमच्या गावात ज्या हडळीची भीती घालतात, तिचं नाव कोणाला माहीत आहे?