चौदा बाटल्यांची ओळख परेड

ती घटना आठवायला मला काही कष्ट पडत नाहीत. आमच्या घरातला गॅस संपला की कुणी ना कुणी ती काढतंच. "बाबा, साठा संपला, छापा कुठे घालायचा?" असं आमची सून अगदी गंभीर चेहऱ्याने विचारते. तेव्हा म्हटलं, आता आपणच लिहून टाकावं. निदान आरोपीची बाजू कागदावर तरी राहील.

मी तेव्हा तलासरीच्या बाजूच्या एका ठाण्याचा प्रभारी होतो. मूळचा साताऱ्याकडचा, आणि बदली होऊन जेमतेम दोन महिने झालेले. राज्याची हद्द जवळ असल्यामुळे ठाण्याचं निम्मं काम पलीकडून येणाऱ्या दारूचं. मुद्देमालाच्या खोलीत इतक्या बाटल्या, की आमचे हवालदार आत आडवे होऊनच शिरायचे. मी काहीतरी मोठं पकडायला उतावीळ होतो. नवा अधिकारी असतोच.

एका बुधवारी दुपारी ठाण्यातला फोन वाजला. पलीकडचा माणूस नाव सांगेना. म्हणाला, "सायब, रस्त्याकडंच्या आत्याच्या घरात भरलेल्या बाटल्यांचा साठा हाय. चौदा. आताच गाडीतून उतरलाय. लवकर या, संध्याकाळी वाटप व्हतो."

खबर इतकी नेटकी होती, की मी दुसरा प्रश्नच विचारला नाही. चौदा म्हणजे चौदा खोके, असं मीच मनाशी ठरवलं. स्टेशन डायरीत नोंद केली, दोन पंच घेतले आणि जीप काढली. हवालदार तिकडचेच जावई, त्यांना वाट पाठ. जागा सांगितल्यावर ते म्हणाले, "साहेब, माझ्या पोटात जरा कळ येतेय." मी म्हटलं, "जीपमध्ये येऊ द्या."

आत्या म्हणजे साठीची, एका पायाने अधू असलेली बाई. अख्खा पाडा तिला आत्या म्हणतो, म्हणून मीही तेच लिहितो. तिचं घर डांबरी रस्त्याला लागून. बाकीचा पाडा वर टेकाडावर, तिथे चाक जात नाही. आम्ही आत शिरलो तेव्हा ती दारातच बसून तांदूळ निवडत होती.

"बाटल्या कुठायत?" मी आवाज चढवला.

"बाटले व्हय? हे काय." तिने सुपानेच दाखवलं.

भिंतीला टेकून चौदा लाल सिलिंडर उभे होते. गॅसचे.

इथे थोडं व्याकरण सांगणं भाग आहे. आमच्या साताऱ्याकडे सिलिंडरला गॅसची टाकी म्हणतात. इकडे म्हणतात बाटला. एक बाटला, चौदा बाटले. आणि मोजून साठा सांगायचा झाला की 'बाटल्यांचा'. दारूची बाटली, तिचाही साठा 'बाटल्यांचा'च. व्याकरणाला सहआरोपी करता आलं असतं तर मी तेव्हाच केलं असतं.

पंच तोंडावर हात ठेवून हसत होते. पण घातलेला छापा हसून परत नेता येत नाही. शिवाय एका घरात चौदा भरलेले सिलिंडर, तेही गरिबांसाठीच्या सवलतीच्या योजनेतले, म्हणजे संशयाला जागा होतीच. हायवेवरच्या धाब्यांना असा माल जातो, हे आम्हाला ठाऊक होतं. मी चौकशी सुरू केली.

"हे कुणाचे?"

"ज्याचे त्याचे."

"तुझ्या घरात कसे?"

"माज्या घरात मी असतंय म्हणून."

"किती दिवस चाललाय हा धंदा?"

"धंदा कसला, सायब. पाय मोडलाय. बसून राखतंय."

एवढं बोलून ती हवालदारांकडे बघे आणि पदर पुढे ओढे. हवालदार छपराचे वासे मोजत होते.

मी पुरवठा निरीक्षक बाईंना फोन लावला. त्या स्पष्ट बोलल्या, "कामं आटपून पाचला येते. तोपर्यंत एकेक सिलिंडर कुणाचा ते सिद्ध झालं, तर प्रश्न नाही. नाही झालं, तर सगळे जप्त, बाईवर गुन्हा, आणि चौदा कनेक्शनं चौकशी संपेपर्यंत बंद."

हे मी आत्याला सांगितलं. तिच्या हातातलं सूप थांबलं. "मना न्या," ती म्हणाली. "पन बाटले नका नेऊ. बायांनी चुली फोडल्यान्. आज भात कशावर करतील?"

पंचनामा सुरू झाला. सील करायला लाख हवी, आणि लाख वितळवायला मेणबत्ती. मी काडी ओढणार, तेवढ्यात हवालदार त्या दुपारी पहिल्यांदाच आपणहून बोलले. "साहेब, जरा लांब." चौदा भरलेल्या सिलिंडरांच्या मधोमध उभा राहून मी काडी पेटवणार होतो. लाख मग रस्त्यापलीकडे वितळवली, मेणबत्ती तिथेच विझवली आणि लाख गरम आहे तोवर आणली. ही गोष्ट मी घरी आजवर सांगितलेली नाही.

सील लावताना माझं लक्ष गेलं. प्रत्येक सिलिंडरच्या कड्याला कापडाची एक चिंधी बांधलेली होती. हिरवी, ठिपक्यांची, जांभळी, किनारीची. एकीसारखी दुसरी नाही.

"हे काय?"

"मना वाचता नाय येत, सायब. गाडीवाला चिठ्ठीवरचा नाव वाचतो, मी तिच्या लुगड्याची चिंधी बांधतंय. मंगळवारीच समद्या देऊन जातात, रिकाम्या बाटल्यासंगती."

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. सिलिंडरची गाडी बुधवारी दुपारी यायची. त्या वेळी पाड्यावरच्या बाया घोलवडकडे चिकूच्या वाड्यांत कामाला. दाराला कडी दिसली की गाडीवाला बाटला परत न्यायचा. मग रोजगार बुडवून, जीपचं भाडं भरून कासाच्या गोदामापर्यंत जा आणि घेऊन या. सवलतीचा गॅस असा महाग पडायचा. शेवटी बायांनी घरी बसून असणाऱ्या एकुलत्या एका माणसाला हे खातं दिलं.

मला तिचं म्हणणं पटलं. पण पटणं पंचनाम्यात लिहिता येत नाही.

पाचच्या सुमाराला निरीक्षक बाई आल्या, आणि पाठोपाठ बायांना घेऊन शेअर जीप. पोलीस बघून सगळ्या जीपपाशीच थबकल्या. मी ठरवलं, ओळख परेड घ्यायची. खरी परेड आम्हाला घेता येत नाही, ती दंडाधिकाऱ्यांसमोर होते. ही आपली घरगुती. पण नियम तेच. सिलिंडरांच्या जागा बदलल्या, बायांना घरामागे पाठवलं, एकेकीला बोलावलं.

पहिली आली, सरळ हिरव्या चिंधीपाशी गेली आणि अंगावरच्या लुगड्याचा फाटका काठ तिला लावून दाखवला. धागा धाग्याला जुळला. निरीक्षक बाईंनी तिचं गॅसचं पुस्तक आणि चिठ्ठीवरचं नाव ताडून बघितलं. बरोबर. दुसरी, तिसरी, चौथी. एक जण म्हणाली, "माजा लुगडा घरी वाळत हाय, आनू?" तिची जाऊ म्हणाली, "आन, नायतर सायब तुजा नवराबी जप्त करतील." तिथून जे हसणं सुरू झालं, ते थांबेना. पंच एव्हाना चिंध्यांवर पैजा लावत होते.

आत्याचा धरून तेरा जुळले. चौदाव्याला खाकी चिंधी. मी हवालदारांकडे बघितलं. एक म्हातारी पुढे झाली, सिलिंडरवर हात ठेवून म्हणाली, "हा माजा. जावयाच्या जुन्या प्यांटीचा हाय."

हवालदारांची पोटदुखी मला आता कळली.

"तुम्हाला बाटला म्हणजे काय ते ठाऊक होतं?"

"होतं, साहेब."

"मग सांगितलं का नाही?"

"तुम्ही जीपमध्ये बसला होता, साहेब. आणि सासूच्या पाड्याबद्दल मी काय बोलणार? म्हणाला असता, नातेवाइकाला वाचवतोय."

मी पंचनाम्यात खाकी चिंधीची नोंद केली.

राहिला खबऱ्या. शेअर जीपचा ड्रायव्हर मघापासून इंजिन चालू ठेवून उभा होता. मी जवळ जाऊन विचारलं, "पूर्वी कासाहून बाटले कोण आणायचं रे?"

"मीच. एका बाटल्याचा एका शीटचा भाडा." मग माझ्या तोंडाकडे बघून तो घाईने म्हणाला, "सायब, मी खोटा काय बोललो? बाटल्यांचा साठाच सांगितला ना?"

आवाज तोच होता. आणि शब्दशः तो खरंच बोलत होता. गुन्हा काय लावणार? मी त्याला इतकंच सांगितलं, की जिथवर चाक जातं तिथवर आज चौदाही बाटले फुकट पोचवायचे. पुढे टेकाडावर बाया नेतील. जीप भरताना आत्या काठी टेकत मोजत होती, आणि ड्रायव्हरला म्हणत होती, "नीट ठेव रं, शीट हाय ती."

निरीक्षक बाईंनी पुढच्या महिन्यापासून गाडी वाड्यांच्या सुट्टीच्या दिवशी येईल अशी व्यवस्था केली. एवढंच तर हवं होतं. सरकारने गरिबाच्या घरात स्वस्त गॅस पोचावा म्हणून योजना केली, कागद चोख ठेवले, गाडीही वेळेवर धाडली. फक्त ती यायची त्या वेळी घरात कुणी नसे. ही फट बायांनी चौदा चिंध्यांनी बुजवली. तोवर मी कायद्याच्या फटीतून निसटणारी माणसं बघितली होती. फट बुजवणारी माणसंही असतात, आणि लांबून बघितलं तर दोघं हुबेहूब सारखी दिसतात, हे मला त्या दिवशी कळलं. म्हणून नंतर हाताखालच्या प्रत्येक नव्या अधिकाऱ्याला मी सांगत आलो, की खबर आली की जीप काढण्याआधी एक प्रश्न जास्त विचारा. त्यांना वाटायचं, साहेब फार अनुभवी आहेत.

दिवस मावळताना टेकाडावरच्या घरांतून फोडणीचा वास खाली येऊ लागला. मी जीपच्या बॉनेटवर डायरी टेकवून नोंद पुरी केली. 'चौदा सिले माझ्या हाताने तोडली. कारण : स्वयंपाक.'