भट्टी बंद झाली त्या वर्षीचा केक

पत्रक मीच लिहिलं होतं. हे आधीच सांगून टाकते, कारण नंतर सगळे "रहिवाशांनी ठरवलं" असं म्हणायला लागले. रहिवाशांनी सह्या केल्या. शब्द माझे होते. वर ठळक अक्षरांत ओळ होती: आमचा श्वास कुणाच्या भट्टीत जळतोय? ती ओळ सुचली त्या दिवशी मी स्वतःवर जाम खूश होते.

दहिसरला नदीच्या अंगाला आमची चाळ. मागच्या भिंतीला लागून बेकरी, आणि बेकरीची लाकडाची भट्टी. जुनी दारं, पॅकिंगच्या फळ्या, प्लायचे तुकडे, मिळेल ते त्यात जळायचं. धूर सरळ आमच्या मोरीच्या खिडकीतून आत यायचा. आईला दमा. डॉक्टर सांगायचे, धुरापासून लांब राहा. लांब म्हणजे कुठे, हे डॉक्टर सांगत नाहीत. राग खोटा नव्हता माझा. आजही नाही.

शेजारच्या खोलीत आंटी राहते. मूळची गोराईची, चाळीतलं एकमेव ख्रिस्ती घर. नवरा गेला तेव्हा मी तिसरीत होते. मूलबाळ नाही. ब्लाउज शिवते, गुडघे धरून चालते आणि चाळीतल्या प्रत्येक घराच्या स्वयंपाकावर तिचं मत असतं. कुणाकडे मटण झालं की एक वाटी तिच्याकडे जायचीच. ती संकोच करायची नाही. खाऊन वर सांगायची, "तुझ्या आयला सांग, मसाला भाजायला शिक." आई चिडायची आणि पुढच्या वेळी वाटी जास्त भरायची.

तिला संकोच नसायचा, कारण नाताळात तिची पाळी असायची. अकरा खोल्या, अकरा केक. तुकडे नाहीत, प्रत्येक घराला अख्खा केक. "वरसभर मी तुमचं खाते," ती म्हणायची, "नाताळान तुम्ही माझं खायाचं. हिशेब फिट."

गणपती उठले की ती काळे मनुके, बेदाणे, खजूर आणि पाकवलेल्या संत्र्याच्या साली काढायची. ते बारीक चिरायचं काम माझं, मी आठ वर्षांची असल्यापासून. मग सगळं काचेच्या बरणीत आणि वरून रम. माझे बाबा दारूच्या थेंबाला शिवायचे नाहीत. केकचे दोन तुकडे खाऊन मात्र म्हणायचे, "औषधी लागतो." आंटी मला डोळा मारायची.

डिसेंबरात एका दिवशी सगळं एकदम करायचं. साखर करपवून काळा पाक, पन्नास-साठ अंडी, लोणी, मैदा, रवा, भिजलेली फळं. केवढा तरी मोठा टोप, आणि आंटीचा हात कोपरापर्यंत आत. मग अकरा डबे भरायचे आणि दुपारी बेकरीत न्यायचे. दुपारचा पाव बाहेर पडला की भट्टीतला विस्तव ओढून घेत आणि उरलेल्या धगीवर लोकांचे केक लागत. आसपासची सगळी ख्रिस्ती घरं डबे घेऊन यायची. बेकरीवाले चाचा भट्टीच्या तोंडात हात घालायचे, मनातल्या मनात काहीतरी मोजायचे आणि म्हणायचे, अभी नहीं. थोड्या वेळाने पुन्हा हात. मग म्हणायचे, लाओ. किती डिग्री, किती मिनिटं, हे कुणालाच माहीत नव्हतं. विचारावंसं कुणाला वाटलंही नाही.

आता तुम्ही विचाराल, एवढं सगळं माहीत होतं तर पत्रक लिहिताना डोकं कुठे होतं? हाच प्रश्न मी स्वतःला विचारते. उत्तर एवढंच, की भट्टी आणि केक या दोन गोष्टी माझ्या डोक्यात कधी एकत्र आल्याच नाहीत. भट्टी म्हणजे धूर. केक म्हणजे आंटी.

सह्या घ्यायला मी तिच्याकडे गेले तेव्हा बरणी माझ्या डोक्यामागच्या फळीवर होती. महिन्याभरापूर्वी मीच फळं चिरून दिली होती. आंटीने चष्मा लावला, पत्रक पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचलं. तिच्याएवढं नीट चाळीत कुणी वाचलं नसेल.

"बंदच करणार?" तिने विचारलं.

"मग काय आंटी, नुसतं गोंजारायचं? लाकूड बंद झालंच पाहिजे."

"तुझ्या आयचा खोकला थांबल?"

"थांबेल ना."

तिने पेन मागितलं. सही केली, खाली तारीख घातली, आणि माझ्या हातावर दोन नानकटाया ठेवल्या. मी पुढच्या दाराकडे गेले.

पालिकेची नोटीस आली. चाचांना लाकूड सोडून गॅस किंवा विजेवर जायचं होतं, नाहीतर बंद करायचं होतं. नवी भट्टी त्यांच्या आवाक्यातली नव्हती. त्यांनी बंद केलं. शेवटच्या दिवशी मी पाव घ्यायला गेले, का गेले कुणास ठाऊक. त्यांनी पाव बांधला आणि म्हणाले, "बेटी, वो कागज तूने लिखा था ना? अच्छा लिखा था." टोमणा असता तर मी भांडले असते. तो टोमणा नव्हता. कामाला असलेली माणसं गावी गेली, शटरला कुलूप लागलं, आणि आम्ही आमच्या स्वच्छ हवेच्या चळवळीच्या ग्रुपवर पेढ्याचे फोटो टाकले.

डिसेंबरच्या मधल्या रविवारी मी नेहमीसारखी आंटीकडे काजू चिरायला बसले आणि विचारलं, "मग कधी भाजायचा या वर्षी?"

आंटी मशीनवर होती. पाय न थांबवता म्हणाली, "कुठं?"

एवढंच. मी सुरी खाली ठेवली. मी म्हटलं, "तू सही करताना बोलली का नाहीस?"

"तुझ्या आयचा दमा मोठा का माझा केक मोठा?"

"पण आंटी..."

"काजू चीर."

मी हट्टी आहे. चळवळीत हाच गुण म्हणतात. मी म्हटलं, मी करते सोय. ग्रुपमधल्या मैत्रिणीचा छोटा विजेचा ओव्हन आणला. आंटी तयार नव्हती, मीच तिला भरीला घातलं. आणि तिने जे चाळीस वर्षं केलं तेच केलं. अकरा केकचं पीठ एकदम कालवलं. भट्टीत अकरा डबे एकदम जायचे. या ओव्हनमध्ये एक जात होता, तोही तिरका करून. हे आम्हाला दोघींनाही टोप भरल्यावर कळलं. तिला पीठ दोन-दोन डब्यांचं कालवायची सवयच नव्हती आणि मला अक्कल नव्हती.

पहिला डबा वरून कोळसा झाला, मधे सुई घातली तर ओलं पीठ. दुसऱ्याच्या वेळी चाळीचा फ्यूज उडाला. फ्यूज बसवेपर्यंत टोपातलं पीठ खाली बसलं होतं, फळं तळाला, वर लोण्याचा थर. तिसरा केक फुगलाच नाही. मी फोनवर बघून डिग्री बदलत होते. आंटी ओव्हनच्या काचेवर तळहात धरून उभी होती. तिने दोनदा हात धरला, काढला, आणि मग खुर्चीत बसली.

"राहू दे," ती म्हणाली.

"अजून आठ आहेत ना."

"राहू दे गो. बंद कर ते."

महिनाभर शिवून जमवलेलं लोणी आणि अंडी त्या टोपात होती. मी रडायला लागले तर तिने मला पाणी दिलं. मी म्हटलं, बोरिवलीतून चांगल्या दुकानातले अकरा केक आणते, आजच्या आज, कुणाला कळणारही नाही. तिने माझ्याकडे असं पाहिलं की मी उठून डबे घासायला घेतले. मी नुसती पत्रकं लिहिते, बोलताना काय बोलतेय ते कळत नाही मला कधीकधी.

नाताळच्या सकाळी तिच्या दाराला कुलूप होतं. पहाटेच ती गोराईला बहिणीकडे निघून गेली होती. इतक्या वर्षांत त्या दिवशी तिच्या दाराला कुलूप कुणी पाहिलं नव्हतं. मुलं ताटल्या घेऊन येऊन परत गेली. शेजारच्या काकू म्हणाल्या, "तब्येत बरी नसेल." मला खरं सांगता आलं असतं. मी सांगितलं नाही.

आणि आईचा खोकला? तो आहे. खाडीकडे काँक्रीट कालवायचा प्लांट आहे, त्याची पांढरी धूळ आमच्या वाळत घातलेल्या कपड्यांवर बसते. समोर दोन टॉवर चढतायत. त्यांच्याविरुद्धही पत्रक लिहिलंय मी, बेकरीच्या आधी. ते कुणी वाचलं नाही. आम्ही जिंकलो ते फक्त ज्याला हरवता येत होतं त्याच्याशी. धूर वाईटच होता, हे मी मागे घेणार नाही. पण चाचांना नवी भट्टी मिळाली पाहिजे, ही ओळ मी त्या पत्रकात लिहिली नाही. जागा होती. खाली दोन बोटं कागद कोरा होता.

यंदा गणपती उठल्यावर मी मनुके, बेदाणे, खजूर घेऊन गेले. वसईला गॅसची मोठी भट्टी असलेली बेकरी शोधली होती, टेम्पोवाल्याशी बोलून ठेवलं होतं. आंटीने पुडे हातात घेतले, वास घेतला, छान आहेत म्हणाली आणि परत माझ्या पिशवीत ठेवले.

"खिरीत घाला."

"आंटी, मी सगळं ठरवलंय."

"तू ठरवलंस ते कळलं मला," ती म्हणाली. रागाने नाही.

त्यानंतर हळूहळू लक्षात आलं, आंटी आता कुणाकडचंच काही घेत नव्हती. मटणाची वाटी नेली तर म्हणे, आज शुक्रवार, आम्हाला मटण चालत नाही. शुक्रवार नसला तर, पोट बरं नाही. काकूंचे मोदकही तिने परत पाठवले होते, हे नंतर कळलं. दिवाळीत आईने मला फराळाचं ताट देऊन पाठवलं. आंटीने दार उघडलं, ताटावरचा रुमाल बाजूला केला आणि नीट पाहिलं. मी वाट बघत होते, ती म्हणेल, चकली मऊ पडली, तुझ्या आयला सांग. तिने एक शंकरपाळा उचलला, तोंडात घातला.

"बरा झालाय," ती म्हणाली. "आयला थँक्यू सांग."

थँक्यू. चाळीत आम्ही एकमेकांना कधी थँक्यू म्हटलेलं नाही. तिने रुमाल पुन्हा झाकला आणि भरलेलं ताट माझ्या हातात दिलं. मी ते घेऊन घरी आले. आईने ताटाकडे पाहिलं आणि एकेक करंजी मोजल्यासारखी डब्यात परत ठेवत राहिली.